ताई, गेम संपला, आता सांगू कोणाला?

ताई, मी इंदूरला सुदामानगरमध्ये राहतो, वय २७, नोकरी अकाउंट्सची. रात्री जेवणं झाली की दीड-दोन तास व्हिडिओ गेम खेळतो, बाकी कुठला शौक नाही. गेल्या महिन्यात रेड डेड रिडेम्प्शन २ संपवला, चार महिने लागले. रात्री अडीचला शेवटची नावं सरकायला लागली आणि मी तसाच बसून राहिलो. कोणालातरी सांगावंसं वाटत होतं पण घरात सगळे झोपलेले. सकाळी पोहे खाताना बाबांना सांगायला गेलो (ते विमा ऑफिसातून रिटायर झालेत), ते म्हणाले, बरं, मग काय मिळालं? आई म्हणाली झोप नीट घेत जा. मग मित्रांच्या ग्रुपवर मोठ्ठं लिहून टाकलं, त्यावर दोन अंगठे आले आणि एकजण चिडला की मी अजून तिसऱ्या चॅप्टरला आहे, शेवट आधीच सांगून स्पॉयलर का दिलास. मी सगळं डिलीट केलं आणि दुसऱ्याच दिवशी नवा गेम डाउनलोडला लावला. ते लिहिलेलं तुम्हाला सोबत पाठवतोय. खरं सांगा, हे असं सांगावंसं वाटणं बालिश आहे का? आणि नसेल तर सांगायचं कसं?
– के., इंदूर

के., बालिश बिलकुल नाही, हे पहिले सांगून टाकते म्हणजे पुढचं तू मोकळेपणी वाचशील. कोणी चारधाम करून आलं, वारी करून आलं, अगदी आठ दिवस केरळ फिरून आलं तरी आपण त्याला बसवतो, चहा देतो आणि म्हणतो, हं, सांग आता काय काय पाहिलंस. तू चार महिने जाऊन आलास रे, फक्त बाजूच्या खोलीतच बसलेला होतास म्हणून घरच्यांना तू गेलास कधी आणि आलास कधी ते कळलंच नाही. आलेल्या माणसाला सांगावंसं वाटणारच. ते सगळं पोटात ठेवून सकाळी ऑफिसात जाऊन व्हाउचर तपासत बसायचं, हे खरं अवघड.

आता तुझं लिहिलेलं. मी ते दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन घेऊन. एक्केचाळीस ओळी आहेत आणि जवळजवळ सगळ्यांत गोष्ट आहे, १८९९ साल, अमेरिका, डच नावाच्या माणसाची टोळी, मागे लागलेले सरकारी लोक, बर्फातून पळणं, मग कोण कोणाशी कसं वागलं आणि शेवटी कोणाचं काय झालं. सगळं बरोबर आहे, एक नाव चुकलेलं नाही, पण बघ, ज्याला ही गोष्ट हवी आहे त्याला ती कुठेही वाचायला मिळते, ज्याला गेम खेळायचाय त्याला ती नकोच आहे, आणि ज्याला गेमशी काही घेणं नाही तो दुसऱ्या ओळीत उठून जातो, मग ऐकायला उरलं कोण? आणि मग अडतिसाव्या ओळीत तू जाता जाता हे लिहिलंयस:

"घोड्याचं नाव मी लाल्या ठेवलं होतं, आजोबा ज्या टांग्यानं कचेरीत जायचे त्या टांग्याच्या घोड्याचं हेच नाव होतं असं बाबा सांगतात. रोज रात्री गेम बंद करायच्या आधी त्याला ब्रश करायचो, एक गाजर द्यायचो आणि मगच सेव्ह करायचो."

इथे मी पेन खाली ठेवलं. कारण गेमनं तुला हे करायला सांगितलेलं नाही. घोडा मळला की त्याचा दम कमी पडतो म्हणून मधूनमधून ब्रश मारावा लागतो, खायला द्यावं लागतं, ते ठीक, पण रोज रात्री, झोपायच्या आधी, न चुकता, हे तुझं तू ठरवलंस. चार महिने. त्या गेमचा शेवट तुला इतका का लागला हे मला त्या दोन वाक्यांत कळलं, बाकीच्या ओळींत नाही कळलं. एका माणसाला हे सांगायचं होतं आणि त्यानं ते अडतिसाव्या ओळीत दडवून ठेवलं, कदाचित ते फार घरगुती वाटलं असेल, गेमबद्दल लिहायचं म्हणजे ग्राफिक्स, स्टोरी, मिशन असं काहीतरी लिहायला पाहिजे असं वाटलं असेल. मला विचारशील तर सुरुवात तिथून कर. बाकी सगळं त्याच्या मागे आपोआप येतं.

आपण बोलतो कसं ते बघ ना. सिनेमा पाहून आलं की म्हणतो "तो पडला, ती निघून गेली". गेमचं सांगताना म्हणतो "मी तिथे सात वेळा मेलो", "मला मागून मारलं", "माझी उडी चुकली". कोणी शिकवत नाही, सात वर्षांचं पोरगंही असंच बोलतं. म्हणजे भाषेतच आलंय की गेममध्ये जे होतं ते आपल्याला होतं. मग लिहायला बसलं की तो "मी" कुठे जातो कोण जाणे, आणि आपण गेमच्या डबीच्या मागचा मजकूर लिहायला लागतो.

माझंच एक सांगते. सेलेस्ट नावाचा २०१८चा गेम आहे, एक मुलगी डोंगर चढते, वरवर पाहिलं तर एवढंच. दिसायला जुन्या मारिओसारखा आणि अवघड इतका की बोटं दुखतात, आणि तो गेम तुझ्या मरणांचा आकडा मांडून ठेवतो आणि वर सांगतो की या आकड्याचा अभिमान बाळग, जितका मरशील तितका शिकतोयस. माझा आकडा दोन हजारांवर गेला होता. तर त्यात एक जागा आहे, रोपवेच्या पाळण्यात ती मुलगी घाबरते, श्वास लागतो तिला, आणि बरोबरचा मुलगा तिला सांगतो की डोळ्यापुढे एक पीस आण आणि श्वासावर ते तरंगत ठेव. ते पीस तरंगत ठेवायचं काम आपल्या बोटांकडे येतं. मी ते करत होते आणि दोन मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की माझाही श्वास त्या पिसाबरोबर वर-खाली होतोय. भाचीला मी सेलेस्टबद्दल एवढंच सांगितलं होतं, गोष्ट नाही, लेव्हल नाहीत, आकडा पण नाही. तिनं तो गेम अजूनही खेळलेला नाही. पण बारावीच्या फिजिक्सच्या पेपरच्या आदल्या रात्री साडेअकराला तिचा फोन आला, मावशी, ते पीसवालं परत सांग ना.

असं सांगायला मी शिकले रामबागेत, मावशीच्या घरी. १९९४-९५ची उन्हाळ्याची सुट्टी असेल. मावसभावाकडे कॅसेटवाला गेम होता, कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत लावायची, आणि त्यात काँट्रा, बेटावरच्या शत्रूंना गोळ्या घालत पुढे जायचा. आठ लेव्हल, सेव्ह करायची सोय नाही, लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून, आणि मे महिन्यात दुपारी लाइट जायचीच. दोघं मिळून खेळताना एकाच्या लाइफ संपल्या की तो दुसऱ्याची एक घेऊ शकायचा, विचारायचं वगैरे काही नाही, बटण दाबलं की गेली. ठरावीक क्रमानं बटणं दाबून तीस लाइफ मिळवायचा कोड आम्हाला तेव्हा माहीत नव्हता. शेवटच्या लेव्हलला दादाच्या सगळ्या संपल्या, माझ्याकडे चालू होती ती सोडून दोन शिल्लक, त्यानं त्यातली एक उचलली, मी भांडायला तोंड उघडलं आणि त्याच क्षणी मी पण मेले, राहिलेली एकच लाइफ. म्हणजे दोघांची एकेक. मग कोणी काही बोललं नाही. मावशीनं आतून पन्हं घ्यायला हाक मारली तरी नाही. माझ्याकडे ती एसवाली पसरणारी गन होती, दादा पुढे राहून नेमकं काय करत होता ते मला आजही सांगता येणार नाही, पण शत्रूचं ते शेवटचं धडधडणारं काळीज फुटलं तेव्हा आम्ही दोघं जिवंत होतो.

बेट उडालं, हेलिकॉप्टर निघालं, आणि आम्ही अनवाणी बाहेर पळालो सांगायला. गल्लीतल्या पोरांना आम्ही बेटाबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. "यानं माझी लाइफ घेतली" इथून मी सुरू केलं आणि "घेतली म्हणूनच जिंकलो" असं दादानं मध्ये तोडलं. ज्यांच्या घरी टीव्हीसुद्धा ब्लॅक अँड व्हाइट होता ती पोरं पण तोंड उघडं टाकून ऐकत होती. दादाच्या लग्नात हे परत सांगितलं गेलं, वहिनींना. त्यांना काँट्रा काय ते माहीत नव्हतं, तरी पूर्ण ऐकलं आणि शेवटी विचारलं, मग ती लाइफ परत केली की नाही यांनी?

आता स्पॉयलरचं. तो तिसऱ्या चॅप्टरवाला मित्र चिडला, बरोबर चिडला. सहा चॅप्टर आणि त्यावर एपिलॉग (उपसंहार) असा तो गेम, म्हणजे त्याची अर्धी वाट पण झालेली नाही आणि तू त्याला मुक्कामाचं ठिकाण दाखवून टाकलंस. त्याला सरळ सॉरी म्हण, कारणं देऊ नकोस. मला हे कळतं कारण लास्ट ऑफ अस पार्ट टूच्या वेळी माझं असंच झालं होतं. २०२०च्या एप्रिलमध्ये त्यातले सीन फुटले, गेम यायचा होता जूनमध्ये, आणि मी कितीही जपलं तरी एक वाक्य कुठूनतरी डोळ्यासमोर आलंच. मग खेळताना मी गेम खेळत नव्हते, त्या वाक्याची वाट बघत होते. तो वेळ मला कोणी परत देऊ शकत नाही. म्हणून मी आता कोणालाही सांगायच्या आधी एकच विचारते, तू खेळणार आहेस का? हो म्हणाला तर मी फक्त पहिल्या तासातलं सांगते, आणि ते पण माझं.

आणि पहिल्या तासात पुष्कळ असतं. आउटर वाइल्ड्स घे, २०१९चा, यानातून ग्रह धुंडाळायचा गेम. त्यात बंदूक मिळत नाही, ताकद वाढत नाही, वाढतं फक्त तुला काय ठाऊक आहे ते, म्हणजे सांगितलं की संपलाच. बावीस मिनिटांचा फेरा असतो आणि मग परत शेकोटीपाशी जाग येते, याच्यापुढे मी कोणाला काही सांगत नाही. ऑफिसातल्या एकाला मी एवढंच सांगितलं की मी शेकोटीजवळ उठले, मार्शमॅलो भाजून खाल्ला, यान उडवलं, एका ग्रहावर निशाणा धरून ऑटोपायलट लावला आणि पाणी प्यायला उठले, परत येऊन बघते तर ऑटोपायलट मला सरळ सूर्यात घेऊन चाललाय, कारण मध्ये सूर्य आहे हे तो बघतच नाही. बास. आठवड्यानं तो डबा उघडता उघडता म्हणाला, मी पण गेलो सूर्यात. त्या दिवसापासून आम्ही दोघं रोज जेवताना त्याच गेमबद्दल बोलतो आणि अजून एकदाही त्याला पुढचं कळू दिलेलं नाही मी.

बाबांकडे येऊ. "मग काय मिळालं?" हे तुला लागलं, पण त्यांनी विचारलं तरी ना. ज्यांना काही घेणंच नसतं ते मान हलवतात आणि पेपर उघडतात. त्यांना उत्तर मिळालं नाही एवढंच, कारण तू डच व्हॅन डर लिंडपासून सुरू केलं असणार. त्यांना लाल्याचं सांग. टांग्याच्या घोड्याचं नाव त्यांनीच तुला सांगितलेलं, तू ते लक्षात ठेवलंस आणि ज्या घोड्यावर चार महिने बसलास त्याला ते दिलंस, हे त्यांना माहीत आहे का? तुझ्या पत्रावरून तरी वाटत नाही माहीत असेल असं.

आणि ते विमा ऑफिसातून रिटायर झालेत म्हणालास तेव्हा मी खुर्चीतून उठले अक्षरशः. अरे, रिटर्न ऑफ द ओब्रा दिन! २०१८चा गेम, लुकास पोप नावाच्या माणसानं केलेला. एक जहाज साठ माणसांसकट बेपत्ता झालंय आणि १८०७ साली रिकामं परत येतं, आणि ईस्ट इंडिया कंपनीचा विमा इन्स्पेक्टर म्हणून तू त्यावर चढतोस. कोण कोण होते, कोण कसं मेलं, कोणी मारलं, वहीत एकेक नोंद भरायची. हातात एक घड्याळ असतं, ते उघडलं की त्या मरणाचा क्षण थिजलेला दिसतो, त्यात हिंडायचं आणि बारकावे बघायचे, कोणाच्या हातात काय आहे, कोण कोणाच्या भाषेत बोललं, कुठल्या नंबरच्या झुल्यात कोण झोपायचं. जहाजावर हिंदुस्तानी खलाशी पण आहेत. तीन नोंदी बरोबर झाल्या की मगच गेम त्या पक्क्या करतो, त्यामुळे अंदाजे ठोकून चालत नाही. ज्या माणसानं जन्मभर क्लेमचे कागद वाचले, कोण खरं बोलतंय आणि कोण लपवतंय ते ओळखलं, त्याच्याइतका चांगला जोडीदार तुला या गेमला मिळणार नाही. कंट्रोलर तुझ्याकडे, वही-पेन बाबांकडे. घाई कसलीच नाही, बटणं दाबायची कसरत नाही. काही मरणं भयंकर आहेत पण सगळं काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत काढलेलं आहे, जुन्या कॉम्प्युटरवर असायचं तसं, म्हणून बघवतं. पहिल्या रात्री अर्धा तासच लाव आणि बंद कर. दुसऱ्या दिवशी ते स्वतः विचारतात की नाही बघ.

आईसाठी वेनबा. २०२३चा आहे, जेमतेम दीड तासाचा. कॅनडात जाऊन राहिलेलं तमिळ कुटुंब, १९८०च्या दशकात सुरू होणारी गोष्ट, आणि त्या बाईकडे तिच्या आईची रेसिपीची वही आहे, पण पानं फाटलेली, अक्षरं पुसलेली. काय आधी आणि काय नंतर ते आपण ओळखून रांधायचं, सुरुवात इडलीपासून होते. आईला फक्त शेजारी बसव आणि विचार, आता काय टाकू? इतकंच. त्याच्यातलं पुढचं मी सांगत नाही, पण पोरगं मोठं होऊन दुसऱ्या भाषेत बोलायला लागतं तेव्हा काय होतं ते आपल्या इंदुरातल्या मराठी घरांना कोणी समजवायला नको.

मित्रांच्या ग्रुपबद्दल थोडकंच. तिथे "नऊ बाय दहा, रडलो भाई" असं लिहून लोक पुढच्या गेमवर जातात ते तुला खटकत असणार, मलाही खटकतं. आकड्याला कोणी उत्तर देऊ शकत नाही, म्हणून तिथेच बोलणं मरतं. तू मोठं लिहू नकोस, एक प्रश्न टाक: तुम्ही घोड्याचं नाव काय ठेवलं होतं? बघ कसे धडाधड मेसेज येतात, आणि तिसऱ्या चॅप्टरवाला पण उत्तर देऊ शकेल. किंवा तेही राहू दे, रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत भेटा, भुट्ट्याच्या कीसाचा दोना हातात आला की विचार, समोरासमोर माणूस जास्त सांगतो.

आणि जे आवडलं नाही ते पण सांगत जा, त्यानं आवडलेल्याला वजन येतं. राजी हा पुण्याच्या टीमनं केलेला २०२०चा गेम मला मनापासून आवडतो, ते राजस्थानी वाडे, भिंतीवरच्या चित्रांतून सांगितलेल्या कथा, हरवलेल्या भावाला शोधत निघालेली सर्कशीतली मुलगी, हे सगळं आपलं असं वाटतं. पण मारामारी पुढेपुढे तीच ती होते आणि शेवट ऐनवेळी उरकल्यासारखा आहे, मी पाच मिनिटं स्क्रीनकडे बघत राहिले की झालं? एवढंच? आपल्या माणसांनी केलाय म्हणून मी हे लपवलं तर उद्या मी खरंच कशाचं कौतुक केलं तर तू विश्वास का ठेवशील?

माझी सवय सांगते, पटली तर घे. गेम संपला त्या रात्री मी फोन उचलत नाही. एक साधी दोनशे पानी वही आहे, तिच्यात तारीख, कशावर खेळले, किती दिवस लागले, कुठे कंटाळून सोडून द्यावासा वाटला आणि असा एक प्रसंग जो मी सोडून दुसऱ्या कोणाच्या खेळण्यात तस्साच झाला नसेल. पाच-सहा ओळी होतात. कधी तो प्रसंग सापडतच नाही, मग मला कळतं की हा गेम मी नुसता उरकला. मग दोन-तीन रात्री नवीन काही लावत नाही, जुनं डोक्यात फिरू देते. तू दुसऱ्याच दिवशी नवा गेम डाउनलोडला लावलास असं लिहिलंयस, तो राहू दे तसाच आठवडाभर, पळून जात नाही.

तू डिलीट केलेलं माझ्याकडे आहे, अडतिसावी ओळ मी तुला परत पाठवतेय. येत्या रविवारी पोहे होतीलच, शेव आणि जीरावन मसाला बाबांच्या हाताशी ठेव आणि तिथून सुरू कर. त्या टांगेवाल्याचं नाव काय होतं ते पण विचारून घे, आणि मला कळव.